डाव्या हाताची चिठ्ठी

५ मार्च

प्रिय धाकट्या,

सलाम. पत्र पाहून पोटात गोळा आणू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोनवर तू "हो ताई, हो ताई" करून मोकळा होतोस, आणि भिंतीपलीकडे बाबांना माझा शब्दन् शब्द ऐकू जातो. म्हणून कागद. कागदावर तुला पळता येत नाही.

बाबांचं जैसे थे. उजवा हात लोंबता, जीभ जड, डोकं मात्र तल्लख. चाळीस वर्षं दुकानादुकानांवर पाट्या रंगवणारा हा माणूस, आणि आजारपणानंतर त्यांना डाव्या हाताने पुन्हा 'अ' गिरवायला मी शिकवलं. आधी वहीत कच्चं लिहायचं, मग कागदावर पक्कं, असा माझा नियम. आता सहा वर्षांनी अक्षर लागतं, पण लिहितात काय, तर "चहा गार आहे". काल पुन्हा काचेचा पेला फोडला. महिन्याभरातला तिसरा. मी आता त्यांना चोचीचा प्लास्टिकचा पेला आणलाय, आमच्या वॉर्डात रुग्णांना देतो तसला. काच पायात जाऊ नये म्हणून त्यांना जरा वेळ खोलीत बसवून ठेवलं, तर स्वारी संध्याकाळपर्यंत रुसलेली.

बारा तास वॉर्डात उभं राहायचं, घरी येऊन पुन्हा तेच. मला तिथे मागून हवालदार म्हणतात. म्हणेनात का. हवालदार आहे म्हणून चादरी स्वच्छ आहेत.

लिहायला बसले ते वेगळ्याच गोष्टीसाठी. चर्चच्या दाराशी ती विनंत्यांची लाकडी पेटी आठवते ना? लोक बिननावाच्या चिठ्ठ्या टाकतात. आपल्या शाळेतल्या बाई, त्याच ज्यांनी तुला पाढ्यांवरून कोपऱ्यात उभं केलं होतं, त्या पेटी उघडतात, प्रत्येक चिठ्ठी स्वतःच्या अक्षरात उतरवतात आणि मूळ कागद जाळतात. एवढ्याशा मंडळीत अक्षर म्हणजे चेहराच. मग एक बुधवार सोडून आम्ही सहा जणी मागच्या खोलीत बसून त्यावर प्रार्थना करतो.

जानेवारीपासून एकाच माणसाच्या चार चिठ्ठ्या आल्यात. "घरातल्या माणसाची मला भीती वाटते. मनगट धरलं की खूण दोन दिवस राहते. कोणाला सांगता येत नाही." ऐकून माझं रक्त उकळतं. माझी खात्री आहे, कुणी म्हातारी आहे आणि घरात सून नावाची कैदाशीण. बाई दर वेळी ती चिठ्ठी माझ्याच हातात देतात, आणि मीही कसर ठेवत नाही. परवा तर मी म्हणाले, प्रभू, त्या बाईचा माज उतरव, तिला एकदा आरसा दाखव. बेकरीवाली एवढ्या जोरात आमेन म्हणाली की खिडकी हादरली.

तू प्रार्थना करतोस का रे, की लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना तेवढा देव आठवतो?

तुझी ताई


९ मार्च

प्रिय ताई,

सलाम. खड्ड्यात उतरताना आठवतो, वर आलो की विसरतो. निदान खोटं तर बोलत नाही.

इथे एका सात मजली इमारतीची लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर रुसून बसली आहे. दोन दिवस तेच. वरच्या मजल्यावरच्या आजी रोज विचारतात, "आज तरी का?" आणि मी दारावर "काम चालू आहे"ची पाटी लावून चहाला जातो.

ताई, एक सांगू? त्या चिठ्ठीतल्या बाईच्या नावाने एवढे दातओठ खाऊ नकोस. घराघरांत काय चाललेलं असतं, आपल्याला काय ठाऊक. ती सूनच असेल कशावरून. आणि असलीच, तर तीही दमत असेल. शोध घेण्याच्या फंदात मात्र पडू नकोस.

तुझी रजा शिल्लक असेल तर घे ना थोडी. बाबांसाठी लोकरीचा स्वेटर पाठवतोय, डाव्या हाताने घालता येईल असा, पुढे बटणं असलेला. त्यांना माझा सलाम.

तुझा धाकटा


१४ मार्च

धाकट्या,

तुझं पत्र परवा आलं. "तीही दमत असेल" हे वाचून मी चिडले होते. म्हटलं, हा नेहमीसारखा दोन्ही डगरींवर हात ठेवतोय. आता ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचतेय.

शनिवारी बाई पायरीवरून घसरल्या. घोटा मोडलाय. प्लास्टर मीच बघून आले. त्यांनी पेटीची किल्ली मला देऊ नये असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं, पण मी ऐकते कुठे. मीच उशीजवळून उचलली. म्हटलं, चिठ्ठ्या उतरवायला काय डॉक्टरकी लागते?

आज सकाळी ड्यूटीच्या आधी गेले आणि पेटी उघडली. तीन चिठ्ठ्या होत्या. दोन घडी घातलेल्या, तिसरी चुरगळलेली, एका हाताने घडी घालता आली नाही की होते तशी.

धाकट्या, ते अक्षर मी घडवलंय. तो उलट्या वळणाचा 'र', 'म'ची लांबलेली शेपटी, रेषेखाली घसरत जाणारी ओळ. सहा वर्षं मी शेजारी बसून तो 'र' सुधारायला सांगतेय.

चिठ्ठीत काय आहे ते जसंच्या तसं लिहिते, कारण तुझ्याशिवाय मला हे सांगायला कोणी नाही.

"पेला फुटला म्हणून माझ्या मुलीने मला खोलीत घातलं आणि बाहेरून कडी लावली. दुपार गेली. नंतर स्वयंपाकघरात ती रडत होती, ते मला ऐकू आलं. प्रभू, तिला विसावा दे. मला तू समजतोस. तिलाही समजून घे."

मी शेवटच्या बाकावर बसले, जिथे दर रविवारी मी त्यांना बसवते आणि पुढे गाणाऱ्यांत जाऊन उभी राहते. पेटी तिथून हाताच्या अंतरावर आहे. त्यांना तिथे मीच बसवते.

तुला मी लिहिलं होतं, जरा वेळ खोलीत बसवून ठेवलं. कडी लावली हे लिहिलं नव्हतं. चार तास, हेही नाही. मी मागून ओरडले म्हणून पेला त्यांच्या हातून सुटला, हेही नाही. रडले हेसुद्धा नाही, कारण रडायला मला वेळ कुठे असतो. आणि मनगट? अंघोळीला न्यायचं असतं, ते अंग आखडून धरतात, मला पुढे वॉर्ड गाठायचा असतो. मी धरते. घट्ट धरते. वॉर्डात कुणी नर्सने रुग्णाला तसं धरलं तर मी तिला उभी जाळीन.

म्हणजे ती कैदाशीण मी आहे. आरसा दाखव म्हणाले होते, दाखवला.

आज वॉर्डात एकच इंजेक्शन दोनदा भरलं. सही करून घरी आले. बाबा दारातच होते. वहीत लिहिलं होतं, "आज लवकर?" मी हो म्हटलं आणि आत गेले. मला त्यांच्याकडे बघवेना.

परवा बुधवार. ही चिठ्ठी उतरवून द्यायची आहे. काय करू सांग.

ताई


१७ मार्च

प्रिय ताई,

शांत हो. तुझी गल्लत झालीये. डाव्या हाताने लिहिणारे गावात काय बाबा एकटेच आहेत? थरथरतं अक्षर सगळं सारखंच दिसतं. त्या पडलेल्या बाईंची काळजी, झोप नाही, आणि त्यात तू चिठ्ठी बघितलीस. मनी वसे ते कागदावर दिसे. पेले काय सगळ्याच घरांत फुटतात.

आणि समजा बाबांनीच लिहिलं असेल, तर म्हातारपणी माणूस हळवा होतो. एवढं मनाला लावून घेऊ नकोस. तू नसतीस तर त्यांचं काय झालं असतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला तर आहेच.

चिठ्ठी फाडून टाक. त्यांच्याशी काही बोलू नकोस.

धाकटा


२१ मार्च

तू मला सांगतोस गल्लत झालीये.

बुधवारी मी गेले नाही. डोकं दुखतंय असा निरोप दिला. चिठ्ठी एप्रनच्या खिशात घेऊन वावरतेय.

काल तुझं पत्र वाचून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. वाटलं, धाकटा म्हणतोय तर नसेलही. मग खात्री करायला बाबांची वही उघडली. माझाच नियम ना, आधी कच्चं, मग पक्कं. पाचही चिठ्ठ्या तिथे आहेत. बाईंनी जाळलेल्या चारही. आणि त्यांच्या आधी एक पत्र आहे, ११ जानेवारीचं.

"धाकट्या, मला थोडे दिवस तुझ्याकडे ने. मोठी फार थकली आहे. तिचा हात आता जड पडतो. तिला दोष देऊ नकोस आणि हे तिला सांगू नकोस. मी डाव्या हाताने सगळं करतो, तुला त्रास होणार नाही."

त्याखाली लिहिलंय, "पोस्टात टाकलं. उत्तर नाही." मग आठवड्याने पुन्हा, "उत्तर नाही." आणि त्यानंतर पहिली चिठ्ठी.

माणसाने पोराला लिहिलं, पोराने दार लावलं, म्हणून तो देवाच्या पेटीकडे गेला.

मी कडी लावली ती चार तासांची. तुझी अडीच महिने लागलेली आहे. स्वेटर पोचला. बटणं छान आहेत.

ताई


२५ मार्च

ताई,

तुझं पत्र खड्ड्यात उभा राहून वाचलं, कारण वर लोक होते. मदतनीस वरून विचारत राहिला, दोर सोडू का, आणि मी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचत होतो.

हो, पत्र आलं होतं. पाकिटावरचं अक्षर पाहून आधी हसलो होतो, बाबांनी पत्ता बरोबर लिहिला म्हणून. मग वाचलं. त्या दिवसापासून ते माझ्या हत्यारांच्या पेटीत सगळ्यात खालच्या कप्प्यात आहे. रोज पाना काढताना हाताला लागतं.

उत्तर काय देणार होतो? हो म्हटलं तर त्यांना आणावं लागलं असतं. माझी खोली चौथ्या मजल्यावर आहे, आणि जगातल्या लिफ्ट नीट करणाऱ्या माणसाच्या इमारतीत लिफ्ट नाही. हे कारण मी स्वतःला सांगत आलो. खरं कारण वेगळं आहे. मला ते जमणार नाही अशी भीती होती, आणि तुला जमतंय हे सगळ्यांना सोयीचं होतं. नाही म्हणायला तोंड नव्हतं. तुला सांगावं, तर तू कोसळशील. मग मी पाटी लावली, "काम चालू आहे", आणि निघून गेलो. स्वेटर त्यातलाच.

तू चिठ्ठ्यांबद्दल लिहिलंस तेव्हा पहिल्याच ओळीत मला कळलं होतं. तरी तुला म्हटलं, शोधू नकोस. ते तुझ्यासाठी नव्हतं. शोधलंस तर मीही सापडेन म्हणून होतं.

तू मारलंस असं मला वाटत नाही. तू एकटी होतीस, आणि तुला एकटं मी ठेवलं. महिन्याची रजा मागितली आहे. येऊ का? बाबांनी मला दारात उभं करायलाच हवं असं नाही.

धाकटा


३१ मार्च

प्रिय धाकट्या,

काल बुधवार झाला. सगळं सांगते, मधे तोडू नकोस.

आधी बाईंकडे गेले. पलंगावर प्लास्टर वर करून बसल्या होत्या. मी चिठ्ठी त्यांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी चष्मा लावलासुद्धा नाही. म्हणाल्या, "दुसऱ्या चिठ्ठीलाच ओळखलं होतं मी. तुझ्या बाबांनी माझ्या शाळेची पाटी रंगवली होती. डाव्या हाताने लिहिलं तरी 'म'ची शेपटी तीच."

मी विचारलं, मग मला सांगितलं का नाहीत. धाकट्या, त्या रडल्या. आपल्या बाई. म्हणाल्या, "त्यात 'माझी मुलगी' असं होतं. मी उतरवताना 'घरातलं माणूस' केलं. धाडस होईना. म्हटलं, निदान तिच्याच हातात देऊ, ती प्रार्थना करतेय तोवर देव तिला सांगेल. माझं काम मी देवावर ढकललं. त्या माणसाच्या मनगटावर खुणा उठत होत्या आणि मी सुंदर अक्षर काढत बसले."

मग बघ कसं आहे. तुला माहीत होतं, बाईंना माहीत होतं, बाबांना तर होतंच. एक मी सोडून सगळ्यांना. आणि ज्याच्यापुढे मी गुडघे टेकून त्या बाईला शिव्या घालत होते, त्यालाही पहिल्यापासून माहीत होतं. लाजेने जीव अर्धा झाला. दर बैठकीला मी त्याच्यापुढे दुसरीचा न्याय मागत होते, आणि तो ऐकून घेत होता.

संध्याकाळी मागच्या खोलीत गेले. सगळ्या आपापल्या जागी. मी चिठ्ठी उतरवली नव्हती. मूळ कागदच वाचला, "माझ्या मुलीने" या शब्दासकट, शेवटपर्यंत. आणि म्हणाले, हे माझ्या बाबांचं अक्षर आहे. ही बाई मी.

बेकरीवालीचं तोंड उघडंच राहिलं. मला वाटलं आता उठून जातील, आणि खरंच दोघी उठून गेल्या. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. बेकरीवाली मात्र बसून राहिली. म्हणाली, "आमेन मीच मोठ्याने म्हटलं होतं." मग माझ्या बाजूला येऊन बसली. हात धरला नाही, नुसती बसली. मी म्हटलं, आज माझ्यासाठी कर. ती म्हणाली, "करतेयच की जानेवारीपासून."

तिथे मला रडू फुटलं. कारण खरंच होतं ते. मी ज्या बाईसाठी दर खेपेला तावातावाने मागत होते, "तिला थांबव, तिचा हात थांबव", ते माझ्यासाठीच मागत होते. मला माहीत नसताना. आणि बाबा त्याच पेटीत माझ्यासाठी विसावा टाकत होते. मी सहा वर्षं म्हणत आले, मला समजून घेणारं कोणी नाही. माझी पाठ दुखते ते कोणाला कळत नाही, मी एकटी किती करते ते कोणाला कळत नाही. धाकट्या, पूर्ण समजून घेणारा असणं म्हणजे काय हे मी कधी नीट धरलंच नव्हतं. त्याला पाठ कळते, म्हणजे कडीही कळते. तो माझा थकवा बघत होता तेव्हाच माझा हातही बघत होता. आधी वाटलं, मग तो मला टाकणार. पण त्याने टाकलं असतं तर जानेवारीतच टाकलं असतं. सगळं बघूनही तो त्या घरात राहिला. माझ्याबरोबर स्वयंपाकघरात आणि बाबांबरोबर कडीच्या आत. एवढाच धीर मला मिळालाय, आणि तो पुरतोय. चूक त्याने लहान होत नाही. पण आता ती लपवायला लागत नाही, आणि लपवण्यातच माझी निम्मी ताकद जात होती.

घरी येऊन बाबांसमोर खाली बसले. म्हटलं, चिठ्ठी मी वाचली. ते पांढरेफटक पडले. धाकट्या, माझ्या बापाला माझी भीती वाटते हे मी डोळ्यांनी पाहिलं. वहीत घाईघाईने लिहिलं, "ती फक्त त्याच्यासाठी होती." आपल्या जुन्या पाळकांच्या काळी चिठ्ठ्या न वाचता जाळत, तेच त्यांच्या डोक्यात होतं. मी म्हटलं, मला क्षमा करा असं आज म्हणत नाही, तुम्हाला नाही म्हणता येणार नाही म्हणून. आधी तुम्हाला इथून जायचं असेल तर सांगा. जाऊ देईन.

त्यांनी वहीचं पान उलटलं. मग लिहिलं, "धाकटा येतोय का?"

तर ये. मी वॉर्डात दोन महिने अर्धी ड्यूटी मागून घेतली आहे. मेट्रनला खरं कारण सांगितलं. सकाळची अंघोळ तू घालायचीस. माझ्या हातावर त्यांचा विश्वास बसेपर्यंत मी घालणार नाही. आणि तू दारात उभा राहणार नाहीस, आत येशील.

तुझी ताई


६ एप्रिल

धाकट्या,

हे मी लिहितो आहे. कच्चं केलं नाही, थेट पक्कं. चुका चालवून घे.

मोठीने काल माझ्या दाराची कडी काढली. स्वतः स्टुलावर चढून, स्क्रू गंजलेले, तरी. चार भोकं राहिली आहेत. मला म्हणाली रंगवून घेऊ. मी नको लिहिलं. डाव्या हाताने रंगवता येतील मला, पण राहू देत.

तुझ्यावर मी रागावलो होतो. अजून थोडा आहे. आलास की बोलू. तुला बोलायचं, मला लिहायचं, म्हणजे तू जिंकशील, पण मी वही तुझ्या तोंडापुढे धरीन.

मोठीला घाबरणं एका दिवसात जात नाही. काल ती मागून आली तर अंग चोरलं. तिने पाहिलं. मागे सरून उभी राहिली आणि म्हणाली, "मी पुढून येईन यापुढे." आता पुढून येते. येण्याआधी दारावर टकटक करते. स्वतःच्या घरात.

आज सकाळी चोचीचा पेला तिने कपाटात वर टाकला आणि मला काचेच्या पेल्यात पाणी दिलं. मी घेतला. निसटला. फुटला.

मी तिच्याकडे बघितलं नाही. डोळे मिटले. आवाजाची वाट पाहिली. आला नाही. डोळे उघडले तर ती जमिनीवर बसून तुकडे गोळा करत होती. मला म्हणाली, "बाबा, माझा आवाज चढला नव्हता. तरी फुटला."

तेव्हा मी तिला एक गोष्ट लिहून दिली. आधीच सांगायला हवी होती. सगळे पेले काही तिच्या ओरडण्याने फुटले नाहीत. बरेच या हातानेच फुटले. तिला ते सगळे स्वतःच्या नावावर घ्यायचे होते, आणि मी घेऊ दिले.

तिने ते दोनदा वाचलं. मग हसायला लागली. मीही. जीभ जड असली तरी हसता येतं, हे विसरलो होतो.

घरात आता एकच उरला आहे. येताना सहा पेले घेऊन ये. काचेचेच आण.

बाबा